खालची दांडी

आक्का, तुम्ही गेलात त्या दिवशी दारात येणारी प्रत्येक बाई एकच बोलत होती, "सोन्यावाणी मरण आलं बाईला." दुपारी शेंगोळे जेवलात, ताट धुऊन ठेवलंत, पलंगावर आडव्या झालात आणि संपलं. कुणाला उचलावं लागलं नाही, कुणाकडून काही करून घ्यावं लागलं नाही. मी तुमच्या उशाशी पदर तोंडाला लावून बसले होते. सगळ्यांना वाटलं, धाकटी जाऊ रडतेय. रडले मी, पण नंतर. आधी मला तुमचा हेवा वाटला. मनात म्हटलं, घ्या, हेसुद्धा यांनाच मिळालं.

आता महिना व्हायला आलाय. तुमच्याविषयी चांगलं बोलायला भावकी होती, गल्ली होती. सगळे बोलून, जेवून आपापल्या घरी गेले. मला चांगलं बोलायचं नाहीये. मला आपलं भांडण पुरं करायचंय. भांडण ऐन रंगात आलं की "थांब, दूध उतू जाईल" म्हणून उठायची तुमची सवय होती. दर वेळी चुलीवर दूध असायचंच असं नाही. मला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं.

या घरात मला कोरं असं काही मिळालं नाही, आक्का. तुम्ही थोरल्या म्हणून आधी आलात, आणि तुमच्या मागून जे उरलं ते माझं. तुमच्या अंगावरून उतरलेली लुगडी मी नेसले. तुमच्या लेकीचं, नंदाचं अंगडं-टोपडं माझ्या अवीला आलं, पाळणाही तिचाच. बंबातलं पहिलं पाणी तुमचं, कारण थोरल्या सुनेनं आधी अंघोळ करून देवाच्या नैवेद्याला लागायचं असतं. सगळ्यांचं आटोपलं की तळाशी कोमट पाणी राहायचं, त्यात मी. महालक्ष्म्या घरात यायच्या तेव्हा ज्येष्ठा तुमच्या हातात आणि कनिष्ठा माझ्या. तुम्ही पुढं, मी मागं. दरवर्षी तुमच्या पाठीकडं बघत मी उंबरा ओलांडला. ताडमाड उंच बाई तुम्ही, आणि मी तुमच्या खांद्याखाली. पुढचं काही दिसायचंच नाही.

मी अंगणवाडीत नोकरी केली. भूम गावाच्या त्या टोकाला असलेल्या दोन खोल्यांत लेकरांना गाणी शिकवली, खिचडी वाढली, त्यांची उंची-वजनं घेतली. बाहेर मला सगळे बाई म्हणायचे. संध्याकाळी घरात पाय ठेवला की मी परत धाकटी. तुम्ही हाक मारायच्या, "धाकटे, आलीस व्हय? भाकरी थापायच्यात." आणि मी पदर खोचायची.

पुढं दोघा भावांनी जुनं माळवदाचं घर पाडून एका मधल्या भिंतीवर दोन घरं बांधली. तेव्हा मला वाटलं, सुटले. पण भिंत एकच. तुमची न्हाणी पलीकडं, माझी अलीकडं. तुमचा तांब्या वाजला की मला ऐकू यायचा आणि माझा तुम्हाला. दोघींचे मालक गेले, पोरं मार्गाला लागली, आणि त्या भिंतीच्या दोन अंगांना आपण दोघी उरलो. तुमची नंदा धाराशिवला दवाखान्यात नर्स. जवळपास दर रविवारी एसटीनं यायची, तुमचं डोकं विंचरायची, गोळ्यांचा डबा भरून जायची. माझा अवी चिंचवडला. त्याचा फोन येतो. "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस का?" आणि मी "हो" म्हणायच्या आत त्याला दुसरा फोन येतो. चांगला आहे माझा लेक. पण रविवारी दुपारी तुमच्या अंगणातून मायलेकींचं हसू ऐकू आलं की मी रेडिओचा आवाज वाढवायची.

आणि मग ते सगळं सुरू झालं. तुम्ही अंगणातल्या पायरीवर घसरलात, मनगट सुजलं. नंदा पुढच्या रविवारी आली ती पर्समध्ये टेप घेऊन. मी चहाचा कप घेऊन तुमच्या दारात उभी होते. तिनं तुम्हाला न्हाणीत खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आये, ऊठ आता. ठरवून न्हाय, नेहमी उठतीस तशी ऊठ." तुम्ही उठलात. उठताना तुमचा हात भिंतीकडं जिथं गेला, तिथं तिनं पेन्सिलीनं खूण केली. मग परत बसवलं, परत उठवलं. गुडघ्याची उंची घेतली. पलंगावरून पाय टेकतात का पाहिलं. तुमच्या हाताची मूठ कितपत वळते, तेसुद्धा पाहिलं.

मला राहवेना. म्हटलं, "नंदे, आईला ब्लाउज शिवायलीस का मखर?"

तुम्ही हसलात. नंदा हसली नाही. "काकू, तुमचं बी माप घेते की, या आत."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले आणि चहाचा कप तिथंच कट्ट्यावर ठेवून घरी आले.

घरी येऊन मी काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पलंगावर बसले आणि उठले. माझा हात कुठं जातो ते बघितलं. मग परत बसले. माझ्या हाताकडं बघायला खोलीत कुणी नव्हतं. गावातल्या किती लेकरांना मी भिंतीला टेकवून उभं केलं असेल, टाचा टेकव, मान सरळ, म्हणून त्यांची उंची लिहिली असेल; माझं माप मात्र ब्लाउज शिवणाऱ्या बाईशिवाय कुणी घेतलं नाही. मला नंदानं घेतलेलं माप नको होतं, आक्का. तेही तुमच्याकडचं उरलेलंच झालं असतं. मला माझ्या लेकानं घ्यायला हवं होतं. स्टीलची दांडी काय, दुकानात मिळते. मी जळत होते ते त्या पेन्सिलीच्या खुणेवर.

मग तुमच्या घराचं रूप पालटलं. कादर मिस्त्री आला. न्हाणीतली गुळगुळीत फरशी निघाली, खडबडीत आली. कमोड आला. अंगणातल्या पायऱ्यांवर उतार झाला. पलंगापासून न्हाणीपर्यंत झिरोचे दिवे लागले. मी गल्लीभर सांगत सुटले, "आक्कांनी घराचा दवाखाना केला." आणि पुढच्या दाराचा उंबरा जेव्हा कादर मिस्त्रीनं तासून जमिनीबरोबर केला, तेव्हा तर मी चांगला आवाज चढवला. चार बायका होत्या अंगणात.

"आक्का, उंबरा काढला तर महालक्ष्म्या कुठनं आत येणार?"

तुम्ही शेंगा फोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "त्या काय आपल्याहून तरण्या हायत का? त्यांचं बी गुडघं दुखत असतील."

बायका पोट धरून हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घराचा उंबरा अजून वीतभर उंच, आणि त्याला रोज माझा अंगठा लागायचा, हे मी कुणाला सांगणार?

त्या वर्षी महालक्ष्म्या आल्या; मालक गेले तरी त्या आणणं आपण दोघींनी सोडलं नव्हतं. ज्येष्ठा घेऊन तुम्ही सरळ चालत आत गेलात. मी कनिष्ठा घेऊन मागं. माझा पाय जुन्या सवयीनं नसलेल्या उंबऱ्यावरून जायला उंच उचलला गेला आणि मी हेलपाटले. मुखवटा हातातून सुटता सुटता राहिला. तुम्ही मागं वळूनही पाहिलं नाहीत; एका हातानं ज्येष्ठा छातीशी धरलीत आणि दुसरा हात मागं केलात. मी तो धरला. आत गेल्यावर दोघींनी काहीच झालं नाही असं दाखवलं. त्या हाताबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, की बघा, यांना पाठीमागूनसुद्धा दिसतं.

न्हाणीत दोन दांड्या बसल्या. एक तुमच्या खुणेवर. दुसरी समोरच्या भिंतीला, बरीच खाली. ती बघून मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! म्हटलं, चला, एवढं मोजून-मापून शेवटी चूक झालीच. कादर मिस्त्री कानावर पेन्सिल अडकवून सिमेंट पुसत होता. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, ही काय लेकरांच्या शाळेत बसवलीत का? आक्कांना ती धरायला वाकावं लागंल."

तो नुसता हसला. "काकी, वरचा हुकूम हाय. आपुन काय, बसवणारे."

तुम्ही दारातून म्हणालात, "असू दे गं. टॉवेल टाकाया व्हईल."

मी मात्र ते सोडलं नाही. कुणी मिस्त्रीची चौकशी केली की मी सांगायची, कादरला कशाला बोलावता, त्याला माप कळत नाही. चांगल्या माणसाचं नाव मी विनाकारण खराब केलं, आणि तो समोर भेटला की नेहमीसारखा सलाम करायचा.

तेव्हापासून तुमची एक नवी तऱ्हा सुरू झाली. रोज सकाळी भिंतीवर तांब्या वाजवायच्या. "धाकटे, ये गं, पाठ घासून दे." मी यायची. मनात धुसफूस करत यायची, कारण मनगट केव्हाच बरं झालं होतं आणि तुमचा हात तुमच्या पाठीला पुरत होता. मला वाटायचं, म्हातारपणीसुद्धा यांना थोरलेपण सोडवत नाही. मी तुमची पाठ घासायची, तुमचा टॉवेल त्या खालच्या दांडीवर टाकायची. आणि तुम्ही अंघोळ झाली की म्हणायच्या, "पाणी उरलंय बघ कढत कढत. तू बी इथंच घे की अंघूळ."

"उरलेल्या पाण्यानं अंघोळ करायचे दिवस गेले माझे," मी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी परत तांब्या वाजायचा. परत पाठ, परत टॉवेल, परत "पाणी उरलंय". उरलेलं कसलं, दोघींना पुरून वर राहील एवढं तापवत होतात तुम्ही. ते मला दिसत होतं. पण डोळ्यांना दिसलं तरी मनाला पटलं पाहिजे ना.

आणि त्याच दिवसांत मी माझ्या न्हाणीत पडत होते.

पहिल्यांदा पडले ते तुमच्याकडं मिस्त्री यायच्याही आधी. पाटावरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी बादलीसकट आडवी झाले. भिंतीपलीकडून लगेच तुमचा आवाज आला.

"काय पडलं गं, धाकटे?"

मी फरशीवर पडल्या पडल्याच सांगितलं, "बादली, आक्का."

मांडी काळीनिळी झाली होती. मी कुणाला दाखवली नाही. अवीला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी मला चिंचवडला नेलं असतं आणि या घराला कुलूप लागलं असतं. तिथं काय आहे? लिफ्ट आहे आणि दार लावून बसलेले शेजारी आहेत. माझं अंगण इथं, माझे पैसे इथल्या बँकेत, माझ्या हाताखालून गेलेली लेकरं आता इथं मिशा फुटून फिरतात आणि बाजारात "बाई, बरं हाय का?" म्हणून थांबतात. मला हे घर सोडायचं नव्हतं. म्हणून मी पडत नव्हते, माझी बादली पडत होती.

पुढच्या वेळीही बादलीच पडली. त्याच्या पुढच्या वेळी पलीकडं तुमचा तांब्या वाजायचा थांबला. मग म्हणालात, "तुझी बादली लईच पडायलीय गं."

"कडी ढिली झालीय तिची," मी म्हणाले.

"बदलून घी," तुम्ही म्हणालात.

तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, आपलं शेवटचं भांडण झालं. मी भाजीची पिशवी ठेवायला तुमच्याकडं आले होते आणि लंगडत होते. तुम्ही सरळच विषयाला हात घातलात.

"धाकटे, अवीला सांग."

"काय सांगू?"

"बादलीचं."

मी म्हटलं, "सांगितलं की नेऊन ठेवील तिकडं. मग बसा दोघी, तुम्ही इथं, मी तिथं."

"मग दांडी तरी बसव. त्या कादरला बोलाव."

"तुमचं बघून मी काही करणार नाही, आक्का. आयुष्यभर तुमचं बघूनच केलं. आता म्हातारी तरी मला माझ्या मनानं होऊ द्या."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. काहीतरी बोलणार होतात. तोंड उघडलं होतंत तुम्ही, मी पाहिलं. मग म्हणालात, "थांब, दूध उतू जाईल," आणि आत गेलात. आक्का, त्या दिवशी दूध खरंच होतं का? मी विचार करून करून थकले.

तुमच्या दहाव्याला घर भरलेलं होतं. सगळ्या बायकांनी डोक्यावरून न्हायचं होतं. नंदानं बंबातलं पहिलं पाणी काढलं, दोन्ही हातांनी बादली तुमच्या न्हाणीत नेली आणि मला म्हणाली, "काकू, तुमी आधी. आता घरात तुमीच मोठ्या." ज्या पहिल्या पाण्यासाठी मी जन्मभर जळले ते असं माझ्या वाट्याला आलं. कढत होतं. अंगावर तांब्या घेतला आणि मला हुंदका आला. पण ते सोडा, पुढचं ऐका.

तुमच्या खुर्चीवर मी बसत नाही, माझे पाय टेकत नाहीत. मी पाट घेतला होता. न्हाणं झालं, उठायला गेले, तीच अंधारी डोळ्यांपुढं आली. डावा हात गुडघ्यावर, उजवा हात आपोआप भिंतीकडं गेला. आणि तिथं दांडी होती. शोधावी लागली नाही, वाकावं लागलं नाही, ताणावं लागलं नाही. माझ्या मुठीत ती अशी आली, जशी घरची कडी हाताला अंधारात सापडते. मी उभी राहिले. न पडता. मग मी परत पाटावर बसले आणि परत उठले. परत हात तिथंच. तुमची दांडी वर, माझ्या हाताबाहेर. ही खालची.

केस तसेच ओले ठेवून मी बाहेर आले आणि नंदाला एका बाजूला ओढलं. "नंदे, ती खालची दांडी. ती चुकून बसली होती ना?"

नंदानं माझ्याकडं बघितलं. "काकू, ती तुमचीच की."

"माझी?"

"आईनंच सांगितलं. म्या म्हणलं, काकूंना इचारून बसवू. तर म्हणली, इचारलंस तर ती हात बी लावणार न्हाय. गुमान बसव. मी रोज बोलावते, पाणी कढत ठिवते, कवा तरी बसंल अंघुळीला."

मी तिथल्या पायरीवर, म्हणजे उतारावर, टेकले. "आणि माप? माझं माप तर कुणी घेतलं नाही."

नंदाला त्या दिवशीसुद्धा हसू आलं. "मापासाठी आई तुमी झाली."

मग तिनं सांगितलं. तुम्ही म्हणे पाटावर बसलात, गुडघे वाकवून माझ्याएवढ्या झालात, चेहरा माझ्यासारखा आंबट केलात. "अगं आई गं" म्हणत डावा हात गुडघ्यावर ठेवलात आणि उजवा भिंतीकडं नेलात. नंदा हसून हसून खाली बसली. कादर मिस्त्री तोंड फिरवून हसला. आणि तुम्ही हात तसाच भिंतीला धरून म्हणालात, "हसू नका. हितं खूण करा. जन्मभर माझ्या शेजारी उभी ऱ्हायलीय ती, तिचा हात कुठं येतो मला ठाव हाय."

आक्का, माझी नक्कल केलीत तुम्ही. मिस्त्रीसमोर. तुम्ही असतात तर मी तुमच्याशी आठ दिवस बोलले नसते. चेहरा माझा आंबट, असं? आणि तुमचा कसा होता, सगळ्यांचं सगळं जाणून गप्प बसणारा? मी रागावले, खरंच रागावले. मला सांगता येत नव्हतं? पाठ घासायला बोलावण्यापेक्षा हाताला धरून दाखवता येत नव्हतं? पण मी ऐकलं असतं का, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक आहे. त्यामुळं त्या रागाला बसायला जागाच राहिली नाही.

रात्रंदिवस एकच गोष्ट मनात येते. ती दांडी तुमच्या हाताला कधी लागलीच नव्हती. तुमच्या अंगावरून उतरलेली नव्हती, तुमच्या नंदाची नव्हती, उरलेली नव्हती. या घरात मला मिळालेली ती पहिली कोरी वस्तू. आणि मी तिच्यावर तुमचे ओले टॉवेल टाकत होते.

तेराव्यापर्यंत अवी राहिला होता. सगळे गेल्यावर तो माझ्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आई, आता भिंतीपलीकडं कोण आहे? आक्का होत्या म्हणून मी निवांत होतो. कपडे भर. उद्या कुलूप लावून निघू."

ज्याला मी घाबरत होते ते हेच. मला "मी ठणठणीत आहे" म्हणता आलं असतं. पायऱ्या चढून दाखवल्या असत्या. पण तुमची नजर माझ्या पाठीवर होती, मागं न बघता हात मागं करणारी.

मी म्हटलं, "अवी, मी न्हाणीत पडलेय. एकदा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "कधी? मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर आज म्हणतोयस तेच तेव्हा म्हणाला असतास."

"मग आता तर चलच."

"नाही यायची. पडायला तुझ्याकडं काय फरशी कमी आहे? तू असं कर, नंदाकडून टेप आण. माझं माप घे."

तो बघतच राहिला. पण गेला, आणला. टेप उलटा धरला होता त्यानं. मला न्हाणीत पाटावर बसवलं आणि म्हणाला, "आई, सरळ उभी राहा." दारातून नंदा ओरडली, "सरळ न्हाय अवी, नेहमी उठत्यात तशा उठू दे." मी उठले. माझा हात जिथं गेला तिथं माझ्या लेकानं पेन्सिलीनं खूण केली. त्यानं अंगठ्यानं ती खूण चाचपली. मग म्हणाला, "आई, तू एवढीशी कधी झालीस?"

"मी एवढीशीच होते," मी म्हटलं. "तू उंच गेलास."

त्यानं गुडघ्याची उंची घेतली. पलंगाची घेतली. मूठ वळवून बघितली. नंदानं नुसतं दारातून सांगायचं आणि त्यानं करायचं. आक्का, तुम्ही तिथं असायला हव्या होतात. चहाचा कप हातात घेऊन, दाराला टेकून. एकदा तरी तुम्ही माझ्यावर जळायला हवं होतं. नाक मुरडून, काहीतरी खोचक बोलून, कप कट्ट्यावर ठेवून तुम्ही निघून गेला असतात, तर मी जिंकले असते. तेवढंही तुम्ही मला करू दिलं नाहीत. जिंकायच्या दिवशी समोरचा माणूसच नाही.

अवीनं मला बार्शीला डॉक्टरकडं नेलं. अंधारी येत होती ती एका गोळीमुळं, ती बदलली. हाडं तपासली, तीही फारशी शाबूत नाहीत, त्याचंही औषध सुरू झालंय. जाताना अवी म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. पण काही झालं तर खरं सांगायचं." मी कबूल केलंय. दिवाळीनंतरचं मला माहीत नाही.

कादर मिस्त्री येऊन गेला. माझ्या न्हाणीत दांडी बसली, पलंगापाशी दुसरी. फरशी बदलली. उंबराही तासला, कनिष्ठेचेही गुडघे दुखत असणार. मी कादरला दोनदा चहा दिला. काम झाल्यावर त्यानं विचारलं, "माप बरोबर हाय का, काकी?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तिकडचंही बरोबर होतं."

तो मान हलवून हत्यारं गोळा करायला लागला.

तुमच्या घराची किल्ली नंदानं माझ्यापाशी ठेवलीय. म्हणाली, "काकू, अंघूळ तिकडंच करा, दांडी हाय तुमची." पण मी माझ्याच न्हाणीत करते. या बाजूला. का ते नंदाला सांगता येणार नाही, तुम्हाला सांगते. या बाजूनं भिंतीपलीकडं तुम्ही आहात असं तरी वाटतं.

काल सकाळी अंघोळ करून उठताना माझा पाय बादलीला लागला आणि ती आडवी झाली. रिकामी होती, तरी केवढा आवाज झाला. मी पडले नव्हते, आक्का. उजवा हात दांडीवर होता, दोन्ही पाय फरशीवर होते. मी तशीच उभी राहिले, भिंतीकडं तोंड करून. अंगावरून पाणी निथळत होतं, थंडी वाजत होती, पण मी टॉवेल घेतला नाही. वाट बघत होते. बादली घरंगळायची थांबली. पलीकडं सगळं शांत होतं.

मग मीच मोठ्यांदा म्हटलं, "बादली पडली, आक्का. या वेळी खरंच बादलीच पडली."